शमशुद्दीनभाईंच्या जामिनावरचा फणस

मी, श्रीमती प्रेमला रंगराव शेवाळे, वय वर्षे शहात्तर, राहणार हडपसर, पुणे, माझी शेवटची इच्छा राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. चिरंजीव विश्वजीत यांना शंका आल्यास त्यांनी आधी स्वतःची तपासून घ्यावी.

कलम १. राहते घर माझ्या नावावर आहे. ते माझ्या पश्चात एकुलता मुलगा विश्वजीत यास मिळावे. बँकेतील ठेवी त्याला व सूनबाई शेफालीला निम्म्या-निम्म्या.

कलम २. सोन्याच्या पाटल्या शेफालीला. फणस फोडला की वास येतो म्हणून ती खिडक्या उघडते आणि आठळ्यांची भाजी मात्र दोनदा वाढून घेते. तरी पाटल्या तिलाच. "आई, तुम्ही बसा, गरे मी काढते," म्हणून हाताला गोडेतेल चोळून बसणारी या घरात ती एकटीच.

कलम ३. कुऱ्हाड कोणालाही देऊ नये. तिचा खुलासा असा. आमच्या ह्यांनी रत्नागिरीहून फणसाचं रोप आणलं. बारा वर्षं झाली तरी पानांपलीकडे काही नाही. रोपवाल्याने उपाय सांगितला की एकाने झाडावर कुऱ्हाड उगारायची, दुसऱ्याने गयावया करायची, म्हणजे झाड घाबरून फळतं. ह्यांना झाडावर हात उगारवेना, म्हणून कुऱ्हाड मी घेतली. गयावया करायला शेजारचे शमशुद्दीनभाई ठरले. ते वाटेत कोणाशी तरी बोलत उभे राहिले. मी वाट पाहून कंटाळले आणि दोन घाव खरोखरच घातले.

भाई धावत आले. "अहो वहिनी, आपलं नाटक ठरलं होतं ना? सोडा त्याला. पुढच्या वर्षी धरेल, मी जामीन."

पुढच्या वर्षी खोडाला अकरा फणस लागले. ते माझ्या घावांमुळे लागले. भाई म्हणतात, त्यांच्या जामिनामुळे. यावरून आम्ही नऊ वर्षं बोललो नाही. निम्मे फणस मात्र दरवर्षी भिंतीवरून पलीकडे गेले, न बोलता.

कलम ४. गेल्या वर्षी मी लग्नाला लोणी काळभोरला गेले असता विश्वजीतने बिल्डरची माणसं आणून झाडावर तोडणीची तांबड्या रंगाची फुली मारून घेतली. मी परतले तेव्हा भाई दुखरा गुडघा घेऊन झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. सकाळपासून. मला म्हणाले, "वहिनी, चहा असेल तर द्या. बोलायचं नसलं तरी चालेल." मी चहा दिला आणि बोललेही.

कलम ५. सबब, फणसाचं झाड व भिंतीलगतची जमिनीची पट्टी मी शमशुद्दीनभाईंना दिली आहे. देणार आहे असं नव्हे. मागच्या महिन्यात बक्षीसपत्र नोंदवून मोकळी झाले. इथे फक्त कळवते. विश्वजीत, तुझ्या पार्किंगचा रस्ता नेमका त्याच पट्टीतून जातो हे मला ठाऊक आहे. नकाशा तू फ्रिजवर विसरला होतास.

तुला राग येईल. खुशाल यावा. पण कोर्टात जाऊ नकोस. तुझे बाबा गेले तेव्हा आई रडली नाही, असं तू सगळ्यांना सांगतोस. घर पाहुण्यांनी भरलं होतं, बाळा. मी त्या झाडामागे जाऊन रडत होते, तेरा दिवस रोज. मला रडायला दुसरी जागा नव्हती.

सदर मृत्युपत्र मी वाचून, समजून सही केले. साक्षीदारांनी माझ्यादेखत व मी त्यांच्यादेखत सह्या केल्या.

लिहून ठेवणार: प्रेमला रंगराव शेवाळे (सही)

साक्षीदार:
१. गेनबा तुकाराम हिंगणे, रिक्षाचालक (सही)
२. कु. संस्कृती विक्रम भोंगळे, वकिलांकडील टंकलेखिका (सही, कलम ५ टाईप करताना दोनदा थांबली)

ठिकाण: हडपसर, पुणे
दिनांक: १४ मे २०२५