शेवटच्या भागाखाली तुझं मत

प्रिय निकिता,

डब्यातले बेदाणे हॉस्पिटलमधल्या मैत्रिणींना वाट, पण त्याखालचं हे पत्र एकटीनं वाच. घरी पाठवलं असतं तर तुझ्या आईनं आधी उघडलं असतं. फोन करावा तर तुमच्याकडे तो स्पीकरवरच असतो, हे मला मागच्या खेपेस कळलं. म्हणून आमचा मोतीराम गाडी घेऊन नाशकात येतो त्याच्याकडे डबा दिला आणि तुझ्याच हातात द्यायला बजावलं. होणाऱ्या सासूचं पत्र बघून तुझ्या छातीत धस्स झालं असेल. होऊ दे थोडं. इथे माझंही गेले काही दिवस तेच चाललंय.

आधी इकडची खबर. द्राक्षांचा खुडा आटोपला, आता बागेत खरड छाटणी चालू आहे. शेडमधल्या बायका मात्र मी अजून सोडलेल्या नाहीत, बेदाणा निवडायचाय. आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लग्नाखेरीज दुसरा विषय नाही. मांडव केवढा, फेटे कुठल्या रंगाचे, पत्रिकेत त्यांच्या 'खंडेराव' या नावापुढे 'प्रगतशील बागायतदार' लिहायचं की नाही, यावर रोज ओट्यावर बैठक बसते. रुद्रच्या वडिलांचं काम मान डोलवायचं, ते ते चोख करतात. तुझा रुद्रही तसाच अबोल. हल्ली ट्रॅक्टर धुताना शीळ घालतो, त्यावरून काय समजायचं ते आम्ही समजतो.

आता हसशील असं एक सांगते. मी कोरियन मालिका बघते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये एका क्रेटला फोन टेकवून उभा करते, आणि हिंदीत बोलणारे ते कोरियन राजेरजवाडे आमच्या सरुबाई-चिमणाबाईंच्या घोळक्यात येऊन बसतात. त्यांची नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही आमची ठेवली. खेड्यातली सुया टोचून आजार बरे करणारी मुलगी ती वैदीण. तिच्यावर जीव जडलेला तो युवराज. आणि जिच्या भुवईवर अख्खं राज्य चालतं ती त्याची आजी, थोरली. युवराज लग्नासाठी हटून बसतो, राजवाडा हादरतो, शेवटी थोरली परवानगी देते, पण एका अटीवर. वैदिणीनं सुयांची पेटी राजवाड्याबाहेर ठेवून यायचं. युवराणीनं लोकांच्या नाड्या बघत फिरायचं नाही. युवराज खूश होऊन तिच्यासाठी दागिने घडवायला सांगतो, आणि ती बिचारी पेटी उराशी धरून उभी राहते.

भाग तिथं संपला आणि आमच्याकडे युद्ध सुरू झालं. चिमणाबाई म्हणाली, "येडी हाय का ती? एवढं सोनं भेटतंय आन् पेटीला धरून बसली!" सरुबाई म्हणाली, "सोनं घालून बसायचं कुठं? त्या वाड्याला कडी बाहेरून हाय, बघितली नाय का तू?" दोघी संध्याकाळपर्यंत एकमेकींशी बोलल्या नाहीत. बेदाणा मात्र त्या दिवशी झपाट्यानं निवडून झाला.

माझं मत चिमणाबाईच्या बाजूचं होतं, आणि माझं मत शेडपुरतं कसं राहील? माझी पुतणी वैष्णवी हिनं मला फेसबुकवर मराठी प्रेक्षकांच्या एका गटात घालून दिलंय. तिथे शेकडो बाया आणि थोडे चोरून बघणारे बुवा रोज या मालिकेवर भांडतात. खरं नाव नको म्हणून मी तिथे 'थोरली' झाले, फोटोच्या जागी आपल्या बागेतला घड लावला.

इथे तू दचकशील. दचक. होय, ती थोरली मीच.

मी लिहिलं होतं, "राणी झाल्यावर सुया कशाला? राजवाड्यात वैद्यांचा काय दुष्काळ पडलाय?" लोकांनी बदाम नुसते उधळले. आणि त्याखाली 'रात्रपाळी' नावाच्या कुणीतरी शांतपणे लिहिलं, "सुया पोटासाठी लागत नाहीत, हातांसाठी लागतात. दिवसभर हात नुसते मांडीवर ठेवून बसून बघा." मी चिडले. थोरलीची बाजू घेऊन लांबलचक लिहिलं, की घर चालवणं हेही हातांचंच काम आहे. रात्रपाळीनं उत्तर दिलं, की थोरलीच्या हातात राज्याचा शिक्का आहे म्हणून तिला असं सुचतं. मग काय, प्रत्येक भागाखाली आमची जुंपायची. बाकीचे लोक मालिका सोडून आम्हालाच बघायला यायला लागले.

खरं सांगू? इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. घरात माझ्याशी वाद घालतं कोण? आप्पा हुकूम सोडतात, रुद्रचे वडील मान डोलवतात, रुद्र फवारणीचं कारण काढून सटकतो. माझ्या तोंडाची कीर्ती पार मोहाडीपर्यंत पोचलीय, त्यामुळे पाहुणेसुद्धा जपूनच बोलतात. ही रात्रपाळी मात्र एक शब्द वर चढवायची नाही आणि एक इंच मागे हटायची नाही. भाजी चिरताना माझ्या डोक्यात तिला द्यायची उत्तरं तयार व्हायची. एकदा मनाशी म्हटलंही, अशी एखादी आपल्या घरात हवी होती.

मग तुझी सुपारी फुटली. मखमलाबादला तुमच्या घरी झालेला तो गोंधळ आठवतोय ना? मी ओटी भरली, तू नमस्काराला वाकलीस आणि ओटीतला नारळ घरंगळत गेला तो थेट दिवाणाखाली. दुसरा घ्या म्हटलं तर आप्पा ऐकेनात, तोच पाहिजे. तुझे वडील, काका, आमचे पाहुणे, सगळे गुडघ्यांवर. मी केरसुणीचा दांडा घालून ढकलत होते. नारळ बाहेर आला, आप्पांनी तो धोतराला पुसला आणि त्याच दमात म्हणाले, "आन् व्याही, पोरीची नोकरी आता बंद बरं का. आपल्या घरात सुना नोकरी करत नाय." तुझ्या वडिलांनी जमिनीवर बसूनच मान हलवली. नारळ तुझ्या ओटीत परत आला, पेढे फिरले. मी तेव्हा फक्त नारळाला तडा गेलाय का ते बघत होते.

दोन दिवसांनी गटात रात्रपाळीचं लिखाण आलं. तुझेच शब्द तुला काय सांगायचे, पण माझ्या मनातून ते जात नाहीत म्हणून लिहिते. "आमच्याकडे तर थोरल्या राणीचीही गरज पडली नाही. ओटीतला नारळ दिवाणाखाली गेला. तो सापडेपर्यंत सगळे गुडघ्यांवर होते आणि सापडला तेव्हा माझी पेटी बाहेर ठेवायचं ठरूनही गेलं होतं. मला विचारलं असतं तर कदाचित मी हो म्हटलं असतं. विचारलंच नाही, म्हणून माझ्या मनात आता फक्त नाही आहे."

मी ते उभ्यानं वाचलं आणि रात्रपाळी कोण ते मला कळलं. आधी आला तो राग. आमच्या घराची अब्रू अशी चव्हाट्यावर? आप्पांसमोर फोन धरायला मी ओट्यापर्यंत गेले होते. ते पाटावर बसून फेट्यांचे रंग बघत होते. फोन दाखवला असता तर त्यांनी तिथल्या तिथे लग्न मोडलं असतं, आणि गावभर तुझ्याच नावानं बोंब झाली असती: नर्स आहे, रात्रीची घराबाहेर असते, काय काय लिहिते. मी फोन पदराखाली घेतला आणि फेट्याला केशरी रंग चांगला दिसेल म्हणून सांगून परत आले.

तेव्हापासून जिवाला घोर आहे. वैष्णवी परवा आली होती. पापड लाटताना एकदम म्हणाली, "काकू, तुझ्या त्या रात्रपाळीकडे पण नारळ पडला होता म्हणे, सेम आपल्यासारखा!" आणि हसली. पोर अजून हसतेय, पण उद्या विचार करायला लागेल. तेव्हा हे पत्र खाली ठेवलंस की आधी ते नारळाचं लिखाण काढून टाक. बाकीची राहू दे. ती चांगली आहेत.

रुद्रला मी आडून विचारलं, की निकिताला नोकरी सोडायचीय का रे? तो म्हणाला, "आप्पा बोललेत ना तिच्या वडिलांशी." मी म्हटलं, तिच्याशी कोण बोललं? तो पाना उचलून ट्रॅक्टरखाली शिरला. पोरगा वाईट नाही गं. कुणाला दुखवायचा नाही, दारू नाही, माणसांची मजुरी अडवत नाही. पण त्या युवराजासारखाच आहे, दागिने घडवेल आणि विचारायचं विसरेल. त्याला मी काहीही सांगितलेलं नाही.

मला काय वाटतं तेही सांगून टाकते, म्हणजे पुढे म्हणायला नको की सासूनं पोटात ठेवलं. मला तू हवी आहेस. रुद्रसाठी हवी आहेस आणि त्याहून जास्त माझ्यासाठी. दुपारी समोर बसून माझं म्हणणं खोडून काढणारी, चहा ओतता ओतता मला गप्प करणारी पोर या घरात यावी म्हणून माझा जीव तुटतोय. पण तुला पेटी बाहेर ठेवायला लावून घरात घेतली, तर ती वाद घालणारी येणारच नाही. जी येईल तिला घेऊन मी काय करू?

रविवारी बस्ता आहे. एकदा का दोन्हीकडची माणसं दुकानात गादीवर बसली, शालू निवडला, आहेराच्या साड्यांचे गठ्ठे बांधले, की मग कुणाच्या बापाला लग्न मोडता येत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. तोपर्यंत मोडता येतं. तुम्ही मोडलंत तर तुझं नाव खराब होईल. आम्ही गुपचूप मोडलं तर लोक तुझ्यातच खोट काढतील. म्हणून ते चारचौघांत मोडायला हवं आणि दोष ढळढळीत माझा दिसायला हवा. ते मला जमतं. आमच्या आत्याबाईंना नऊवारी ठरली होती, सहावारी का काढली, एवढं मला पुरे. मी मानपानावरून असा आवाज चढवीन की शेजारच्या दुकानातली गिऱ्हाईकं बघायला येतील. तुझ्या वडिलांना मी बोलीन, ते फार मनाला लावून घेऊ नकोस, नंतर त्यांना सावकाश समजाव. गठ्ठा न बांधताच मी उठेन. आप्पा माझ्यावर संतापतील, रुद्र कदाचित वर्षभर माझ्याशी बोलणार नाही. आणि सगळं नाशिक म्हणेल, काय कजाग बाई होती, पोरगी सुटली बिचारी. म्हणू दे. भांडखोर म्हणून नाव आहेच, एकदा तरी ते कुणाच्या उपयोगी पडू दे.

आता हे सगळं कशासाठी लिहिलं ते. तुला कुणी विचारलं नाही, म्हणून मी विचारतेय. शनिवारी मालिकेचा शेवटचा भाग येईल. वैदिणीचं काय करायचं ते ते कोरियन लेखक ठरवोत, तू त्याखाली तुझं मत लिही. तिनं गावी परत जावं असं तुला वाटलं तर तसं लिही, रविवारी मी भांडायला तयार होऊन येईन. तिनं पेटी हातात घेऊनच राजवाड्यात शिरावं असं वाटलं तर तसं लिही. मग मी रविवारी सगळ्यांच्या देखत, शालूच्या आधी, तुमच्या हॉस्पिटलच्या ड्रेसचं ते फिकट निळं कापड मागवीन, तुझ्या बस्त्यात ठेवीन, आणि आप्पांकडे बघून विचारीन की काही बोलायचंय का. तेही भांडणच आहे, पण ते मी जिंकूनच उठेन. लोकांना वाटेल, मालिकेवरच बोलतेयस. मला कळेल. शनिवारी मी फोन हातात घेऊन बसलेली असेन. आणि तू काहीही लिहिलंस तरी, निकिता, या एका वेळेला थोरली तुझ्याशी वाद घालणार नाही.

सून झालीस तरी आणि नाही झालीस तरी,
तुझीच,
शुभांगी