कोरडं वजन

६ मार्च

लेकीचा माल अडकला! सकाळीच दुकानातून फोन — "बाबा, कस्टमवाल्यांनी कंटेनर बाजूला काढलाय. नमुना तपासणार म्हणे."

तिचं दुकान डोंगर चढणाऱ्यांच्या सामानाचं. तंबू, दोर, बूट. यंदा पहिल्यांदाच परदेशातून वाळवलेलं जेवण मागवलंय. पाकीट फोडा, उकळतं पाणी ओता, झाकून ठेवा — कोंबडी-भात तयार! दुकान रडतखडत चाललंय. हा माल सुटला तर तरेल, नाहीतर शटर खाली.

"अगं, माझा जन्म गेला त्या खात्यात. होईल सगळं," म्हणालो.   

७ मार्च

संध्याकाळी ती एक पाकीट घेऊन आली. बसलीसुद्धा नाही, ओट्याला टेकूनच बोलत होती. मांस वजनाने वीस टक्क्यांपर्यंत असलं तर माल 'इतर तयार खाद्य'. त्याच्या वर गेलं की 'मांसाचे पदार्थ' — मग तिकडच्या पशुवैद्याचा दाखला लागतो. तो तिच्याकडे नाही. दाखला नसला की माल जाळतात.

"पण पाकिटावर अठरा लिहिलंय बाबा! मग भीती कसली?"

चष्मा लावला. अठरा, खरंच. आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत — तयार जेवणात. म्हणजे पाणी घातल्यावर!

"कोरडं वजन धरतात गं. माल जसा दाराशी येतो तसा जोखायचा. पाणी ही नंतरची गोष्ट."

पाकीट ताटात ओतलं. कोंबडीचे वाळलेले तुकडे वेचून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. वीस कुठलं — तिसाच्या घरात!

तिने ताट बाजूला सारलं. "मागवण्याआधी विचारलं होतं मी तुम्हाला. अठरा टक्के चालेल ना? तर तुम्ही 'हो हो' म्हणालात."

म्हणालो असेन. तेव्हा गॅलरीत बसून शाळेतल्या एका कवितेची विसरलेली ओळ शोधत होतो. ओळ सापडली नाहीच.

९ मार्च

दुपारभर मास्तर आठवत होते. टेबलावर छडी आपटून वृत्त शिकवायचे — एक हलकी, तीन जोरात, एक हलकी, तीन जोरात. अर्धा वर्ग कंटाळायचा, मी मात्र डुलायचो. पुढे खात्यात नवी पोरं शिकायला आली, तेव्हा त्याच चालीवर मी त्यांना नियम बांधून दिला होता:

जसे येईल दाराशी, तसे ते जोखुनी घ्यावे;
पुढे होईल जे काही, तयाला ना विचारावे.

सगळी फिदीफिदी हसली होती. एकानेच पाठ केलं. तपासायला आलेल्या सुपाच्या पुडीतले वाटाणे चिमट्याने एकेक वेगळे करायचा, म्हणून त्याचं नाव चिमटा. आज तोच तिथला मोठा साहेब. लेकीच्या मालावर सही त्याचीच व्हायची.

त्याला फोन करू? छे! जन्मात कुणाची शिफारस ऐकली नाही, आता म्हातारपणी आपणच करायची? आमची ही असती तर म्हणाली असती — नेहमी म्हणायची — "तो तराजू घरात आणू नका हो. पोरगी आहे ती, भाजी नाही."

११ मार्च

लेक फोन उचलत नाही. दुकानावर गेलो तर कुलूप. शेजारचा किल्लीवाला म्हणाला, "ताई बाहेर गेल्यात, चांगली साडी नेसून."

१४ मार्च

"सुटला बाबा, सुटला!" दारातूनच ओरडत आली. प्रयोगशाळेचा निकाल — अठराच्याही आत. परवा माल हातात.

"तपासलं कसं?"

"कसं म्हणजे? पाकिटावर सांगितलंय तसं."

पाणी ओतून! ती मला धरून गरागरा फिरली, लहानपणी फिरायची तशी. मी हसलो. पण जेवण काही गेलं नाही. नियमाच्या पुस्तकात जे साफ लिहिलंय, ते चिमट्याच्या नजरेतून सुटलं? चिमट्याच्या?

१५ मार्च

जाऊन आलो. जिन्यात तोच जुना वास, गोणपाटाचा आणि शाईचा. मला पाहून चिमटा खुर्चीवरून उठला, वाकून पायाला हात लावला. पोट सुटलंय त्याचं.

म्हटलं, "अरे, तुझ्या माणसांनी नमुन्यात पाणी ओतलंय. चूक झालीय."

त्याने उठून दार लावून घेतलं. "चूक नाही सर. मीच सांगितलं ओतायला."

"तू?"

"एवढ्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदा काही मागितलंत. नाही कसं म्हणणार?"

"मी? मी काय मागितलं?"

 त्याचा चेहरा उतरला. "ताई आल्या होत्या. म्हणाल्या, बाबांना स्वतः यायला लाज वाटते, म्हणून मला पाठवलंय."

निघताना हळूच म्हणाला, "कविता अजून पाठ आहे सर." त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं!

तिथून तडक दुकानात. लेक नव्या मालासाठी फळ्या पुसत होती. विचारलं.

"हो, गेले होते. घेतलं तुमचं नाव. दुसरं होतं काय माझ्याकडे?" फडकं पिळत राहिली. "जन्मभर तुमच्या काट्यावर कोरडीच उभी राहिलेय मी. मार्क, नवरा, दुकान — सगळ्यात कमीच भरले. एकदा पाणी घालून मोजलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

 शेकडो ओळी पाठ आहेत, एकही कामाला आली नाही.

१६ मार्च, सकाळ

आज माल सुटणार. बोललो तर लेकीचं दुकान जातं, शिवाय माझ्यावरच्या मायेपोटी चिमट्याची नोकरी. गप्प बसलो तर — इकडे आड, तिकडे विहीर! कोट घालून दोनदा दाराशी गेलो, दोनदा परतलो. तिसऱ्यांदा निघालो तोच किल्लीवाल्याचा फोन: "आजोबा, ताईंनी शटर वर केलं नाही. कस्टमकडे जाते म्हणाल्या."

माल आणायला गेली असणार.

१६ मार्च, दुपार

माल आणायला नव्हती गेली. चिमट्याचा फोन आला — "सर, ताईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, बाबांनी काही मागितलं नव्हतं, कोरडं तोला. मग मी नवा नमुना माझ्याच सहीने पाठवला, पहिल्या वेळी पाणी मीच ओतायला लावलं हेही लिहून दिलं." काटा काय सांगणार ते आम्हा तिघांनाही ठाऊक आहे.

आत्ता लेक दाराशी उभी होती. बेल न वाजवता. केस विस्कटलेले, हात रिकामे.

"ये," म्हटलं. "आधी पाणी पी."