संत्र्याचं डबडं

४ ऑगस्ट
सुमनबाई सकाळीच आली. शेजारचं वावर तिचं, फुलं पिकवते, एकटीच राबते. तीन वर्षांमागे माझ्याच सांगण्यावरून अर्धा झेंडू मोडून चंदन लावलं. तेल निघण्याजोगं व्हायला अजून दहा-बारा वर्षं. तरी माझ्यावर भरवसा दांडगा.
"भातकुलीहून युरिया आणला, नानाजी. किती टाकू?"
म्हटलं, झाडामागं एक डबडं, बुंध्यापासून हातभर लांब, गोल. फळीवरचं मापाचं डबडंही काढून दिलं. कोणी विचारलं की छाती फुगतेच आपली.

९ ऑगस्ट
सुमनबाईचा निरोप, लवकर या. गेलो. खत टाकलेल्या दोन्ही ओळींत पानांच्या कडा करपल्या. मधल्या तुरीनं माना टाकल्या. तूर गेली तर चंदन कशावर जगणार, ते तिच्याच मुळातून खातं.
बांधावर चौघं जमलेले. त्यातल्या देवरावनं विचारलं, "काहून झालं असं, नानाजी?"
तोंडातून निघून गेलं, "खतावर पाणी नसन दिलं."
"दिलं ना! नळी धरून दिलं," सुमनबाई.


१० ऑगस्ट
आज माझ्या चंदनाला खत द्यायचं म्हणून फळीवर हात घातला. हिंगाची डबडी जागेवरच! चंदनाचं माप ते.
म्हणजे तिला दिलं ते संत्र्याचं. बागेतल्या मोठ्या झाडांचं माप. हिंगाच्या पाच डबड्या मावतील त्यात.

जेवताना ही म्हणाली, "भाजीत मीठ नाही, तरी बोलून नाही राहिले. बरं आहे ना?"
बरं आहे म्हटलं.

१२ ऑगस्ट
सांगायचं ठरवूनच गेलो. सुमनबाई आळ्यांत पाणी सोडत होती. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणते, "माहीच चूक असन. पाणी कमी पडलं असन." मी म्हणालो, "सोडत राहा पाणी." आणि परत फिरलो. एवढंच सुचलं. या वयात.

१३ ऑगस्ट
पानटपरीवर देवराव. "चंदन म्हणजे काय झेंडू वाटला बाईले!" सगळे हसले.
मीही हसलो. लिहिताना कान तापलेत.

१४ ऑगस्ट
सुमनबाई आली. डबडं घासूनपुसून, वर झेंडूची फुलं भरून. "देवाले आणली. मधली तूर गेली, नानाजी. चंदनाचे काही शेंडे हिरवे हायेत अजून. बाकीच्या ओळीले किती टाकू? आता तुमी सांगसान तसंच पाणी देतो."
बसा म्हटलं. चष्मा आणतो सांगून आत आलो, आणि वही उघडून बसलो.
फुलं देवापुढं ठेवली. संत्र्याचं डबडं आणि हिंगाची डबडी, दोन्ही समोर आहेत. दोन्ही घेऊन ओसरीत जायचं. तिच्यासमोर ठेवायची. मग देवरावकडंही...
ही ओरडून राहिली, "अहो, चहा निवून राहिला! बाई केव्हाची बसली, काय लिहून राहिले?"