नोएमी नको म्हणाली होती

मेक्सिको शहर,
२४ एप्रिल २००९

ती. लिंदाताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज सकाळी नोएमी दप्तरासकट शाळेतून परत आली. शहरातल्या सगळ्या शाळा बंद! रस्त्यावर सैनिक निळे मास्क वाटताहेत आणि टीव्हीवर डुकरांच्या फ्लूशिवाय दुसरं काही नाही. मला शिवणकामाला जावंच लागतं, पोरीला दिवसभर एकटी कशी कोंडू? म्हणून गावाकडे ये-जा करणाऱ्या फिदेन्सिओकाकांबरोबर उद्याच्या बसने तिला तुमच्या गावी पाठवतेय. पत्रही त्यांच्याच हाती देतेय. तुला फोनवर ऐकू येत असतं तर तासभर भांडले असते. पण दुकानातल्या फोनवर निरोप ठेवायचा, म्हणजे आपलं भांडण आधी गावाला कळणार आणि मग तुला.

बारशासाठी पोसलेल्या त्या डुकरापासून सगळ्यांनी लांब राहा. आईला जप, तिचं वय झालंय. नोएमीचं नाक जरा वाहतंय, पण ते धुळीने असेल. तुझ्या सुनेला, ओतिलियाला सांग, बाळाचं टोपरं विणतेय, फक्त ते बाळाच्या बापाच्या, एलाडिओच्याच डोक्याला बसेल एवढं झालंय.

पोरीचे लाड कर, पण मला विसरू नकोस.
तुझी धाकटी,
अंपारो


ओकोताल,
२८ एप्रिल २००९

चि. अंपारो हिस,
अ. उ. आ.

लेक सुखरूप पोचली. एलाडिओने डुकराच्या कुंपणाला चुना फासला आणि मी रोज त्या डुकराला न्याहाळते. अजून एक शिंक नाही. आमच्या सरपंचापेक्षा तब्येतीने ठणठणीत आहे. आईला मागच्या खोलीत हलवलंय, तिच्याकडे कुणाला फिरकू देत नाही. ती मला तुरुंगवाली म्हणते.

तुझी लेक मात्र भलतीच शिष्ट झाली हो! बसमधून उतरली ती कोपराने तोंड झाकून. कुणाला मुका द्यायला तयार नाही. शाळेतल्या बाईंनी सांगितलंय म्हणे, खोकला असला की मुका द्यायचा नाही. नको, नको, म्हणत मागे सरकत होती आणि सगळी गल्ली बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या घरची पोर आणि पाहुण्यासारखी लांब उभी राहते? मी तिचा हात धरून खाली ओढला आणि सगळ्यांना ओळीने मुके द्यायला लावले. ओतिलिया हसत म्हणाली की राहू द्या हो, लाजतेय ती. पण मी ऐकलं नाही.

काल पोरीला थोडा ताप होता. ओतिलियाने तिला कुशीत घेऊन मक्याची पेज पाजली. सातवा महिना आहे, पण खेचरासारखी राबते. तिची काळजी नाही.

मोठ्या बहिणीचं बोलणं मनावर घेऊ नये, माया तेवढी घ्यावी.
लिंदा


मेक्सिको शहर,
३० एप्रिल २००९

ती. ताईस,
सा. न.

घाईत लिहितेय. दुकानाचा फोन सकाळपासून कुणी उचलत नाही. नोएमीच्या वर्गातली एक मुलगी इस्पितळात आहे. मी धावत दवाखान्यात जाऊन विचारून आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डुकराचं मटण खाऊन हे होत नाही. माणसाकडून माणसाला होतं, खोकल्याने, मुक्याने, एकमेकांच्या पेल्यातून. आणि ताई, हे फक्त म्हाताऱ्यांचं दुखणं नाही. तरण्याताठ्यांना धरतंय आणि पोटुशी बाईला तर फार वाईट धरतंय.

मी तुला आईला जप म्हणून लिहिलं. ओतिलियाला जप, ताई! तिला नोएमीजवळ निजू देऊ नकोस. खिडक्या उघड्या ठेवा, साबणाने हात धुवा, पोरीचा पेला वेगळा ठेवा. ओतिलियाला ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. औषध पहिल्या दोन दिवसांत दिलं तर चांगलं लागू पडतं. धाप लागली, ओठ निळे दिसले, तर घटकाभरही थांबू नका. दुकानातल्या गोळ्या आणि सुया नकोत.

वाचलंस की लगेच कळव, माझा जीव तिकडे आहे.
अंपारो


ओकोताल,
१४ मे २००९

अंपारो,

ओतिलिया शनिवारी गेली.

तुझं पत्र दोन तारखेला मिळालं. तिला आदल्या दिवशीच ताप भरला होता. वाचून मी म्हटलं, शहरातली माणसं घाबरट. कांद्याचा काढा दिला, मध दिला, गल्लीतल्या सुईवालीकडून दोन सुया टोचून घेतल्या. तरणी आहे, यातून निघेल, असं मीच एलाडिओला सांगत राहिले. पाचव्या दिवशी तिला पायरी चढवेना. ट्रकमध्ये घालून इस्पितळात नेली. मुलगी काढली, ती दोन तास होती. दोघींना एकाच पेटीत ठेवलं.

आई बरी आहे.

नोएमीला आज फिदेन्सिओबरोबर पाठवतेय. गाव म्हणतं, शहरातल्या पोरीने मरण आणलं. तिच्यासमोर म्हणाले. एलाडिओ तिच्याकडे बघत नाही. मी काही बोलले नाही. प्रार्थनेला येऊ नकोस.

लिंदा


मेक्सिको शहर,
२४ मे २००९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या दुःखापुढे काय लिहू? रडते आणि कापड शिवते.

पण लिहायलाच हवं. नोएमी जेवत नाही. कोपर तोंडावरून काढत नाही, मला जवळ निजू देत नाही. परवा विचारलं की आई, आता तू पण मरशील का? कुणी कुणाला आजार दिला हे नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण नऊ वर्षांच्या पोरीने गावाचं ऐकलंय.

नाक वाहणारी पोर बसमध्ये बसवणारी मी, हे मला ठाऊक आहे. तुझं अठ्ठावीस तारखेचं पत्रही माझ्याजवळ आहे. मी ते कुणाला दाखवलं नाही आणि दाखवणार नाही. पण तू गप्प राहिलीस, ताई. पोरीला दोन ओळी लिही, एवढंच मागते.

रागाने लिहिलं असलं तरी तुझीच आहे.
अंपारो


ओकोताल,
१ जून २००९

चि. नोएमी हिस,
लिंदामावशीचे मनापासून आशीर्वाद.

हे पत्र तुझं आहे. आईला नंतर दाखव.

काल प्रार्थनेनंतर सगळे अंगणात बसले होते. तेव्हा मी उठून सांगितलं. नोएमी कुणाच्या जवळ येत नव्हती, तिला बाईंनी शिकवलं होतं ते ती नीट करत होती. मीच लोक काय म्हणतील म्हणून तिचा हात तोंडावरून खाली ओढला. नंतर डॉक्टरकडे न नेता ओतिलियाला घरात ठेवलं, तेही मीच. यात पोरीचं काही नाही.

मग एलाडिओ माझ्याजवळ आला आणि माझ्या चांगल्या कानाशी तोंड आणून त्याने विचारलं की आई, तुला ऐकू आलं नसेल ना तेव्हा? माझा एकुलता एक मुलगा, तो मला वाट करून देत होता. हो म्हटलं असतं तर तो घरी राहिला असता.

मी त्याला खरं ते सांगितलं. त्याने टोपी उचलली आणि तो सासुरवाडीला निघून गेला. येईल की नाही, ठाऊक नाही.

ओतिलियाने तुला कुशीत घेतलं ते तिच्या आवडीने, तू मागितलं म्हणून नाही. आता तू जेव. आईजवळ नीज. पुन्हा कुणी बळजबरी केली तर मोठ्याने ओरड, समोर मी असले तरी.

तू नको म्हणालीस, ते मला ऐकू आलं होतं.

तुझी माया मागायचा हक्क नाही, तरी मागते.
तुझी मावशी,
लिंदा