ठकीचा झोपलेला हात

३ तारीख, मंगळवार

मग मला सांगायचं तरी कशाला? ऑपरेशनच्या कागदावर सही तर करून टाकली भावजींनी! हे त्यांचं पहिल्यापासून असंच. घर बदललं तेव्हाही तेच. आधी करून मोकळं व्हायचं, मग फोन – "अरे, तुला विचारायचं राहूनच गेलं." ही काय भिंतीला रंग द्यायची गोष्ट आहे? ठकीच्या काळजात नळी घालणार आहेत. पाच वर्षांची पोर!

ताई म्हणते, "फोन लावला होता तुला, उचलला नाहीस." कसा उचलणार? कामावर शिरतानाच फोन कपाटात टाकायला लावतात. मुकादमाला म्हटलं, भाचीचं ऑपरेशन आहे, फोन जवळ ठेवू का? म्हणाला, "का? डॉक्टर तुला विचारून हात चालवणारे का?" थोबाड फोडावंसं वाटलं.

दिवसभर लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी इस्त्रीच्या रोलरला लावत होतो. एक टोक माझ्याकडे, दुसरं बारक्याकडे. बारक्या म्हणजे हत्ती आहे, हे नाव कुणी ठेवलं देव जाणे. वाफेने डोळ्यांतून पाणी येतं इथे, ते एक बरं आहे.

४ तारीख

भावजींना फोनवर धरलंच आज. डॉक्टर नक्की काय म्हणाले, सांगा. म्हणाले, मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर हृदयापर्यंत न्यायची. टोकाला फुगा असतो. तो फुगवून आवळलेली झडप रुंद करायची. छाती फाडायची नाही.

"आणि धोका?"

हळूच म्हणाले – "आहे थोडा. नळीवर रक्ताची गुठळी धरू शकते, नाहीतर हवेचा बुडबुडा जातो. तिच्या हृदयात भोक आहे ना, म्हणून ते फुप्फुसात अडकत नाही, थेट मेंदूत जाऊ शकतं. हजारात दोन-चार पोरांना होतं म्हणाले."

"आणि तरी सही केलीत?"

"मग काय करू? दोन पायऱ्या चढली की ओठ जांभळे! तू तिकडून ओरडतोस. इथे ये, तिच्या उशाशी बस, मग ओरड."

फोन आपटला मी. हजारात दोन-चार! आमच्या रोलरमध्ये रोज हजारांनी चादरी जातात. दोन-चार फाटतातच की!

५ तारीख

उद्या. जेवलो नाही. बारक्याने माझंही ताट संपवलं.

६ तारीख

झालं! सुखरूप झालं! भावजी फोनवर ओरडतच होते – "फुगा बसला रे. ओठ गुलाबी झाले, बघ तू, गुलाबी!" मी बारक्याला मिठी मारली, माझे हात पुरले नाहीत. मुकादमालाही चहा पाजला. भावजींना म्हटलं, चुकलं माझं. म्हणाले, "जाऊ दे रे, मामा आहेस तू."

७ तारीख

ठकी दिसली फोनवर! गुंगी अजून उतरली नाही म्हणे पुरती. उजव्या मांडीतून नळी घातली होती, म्हणून तो पाय हलवायचा नाही असं नर्सने बजावलंय. ताई कौतुकाने सांगत होती, "इतकी शहाणी झाली रे! कालपासून पाय तसूभर हलवला नाही." बिस्किट मात्र डाव्या हाताने. डावखुरीच आहे ती, घरी ताई उजव्याने जेवायला लावते. ताई म्हणाली, "इथे आहे तोवर खाऊ दे. घरी गेल्यावर बघते तिच्याकडे."

मी वेडावून दाखवलं तर हसली, पण अर्धीच. नेट अडकत होतं सारखं. मग म्हणते कशी, "मामा, माझा हा हात झोपलाय. ओरडू नकोस, उठेल तो."

सगळे खो खो हसलो. बारक्या मागून डोकावून म्हणाला, "मग अंगाई म्हण की त्याला!"

८ तारीख

हसलो आम्ही. हसलो!

सकाळी नर्स आली, घरी सोडायच्या आधी बघायला. ठकीला म्हणाली, "चल, टाळी वाजव." ठकीने डाव्या हाताने उजवा उचलला, मांडीवर ठेवला, आणि त्याच्यावर वाजवली टाळी.

मग धावपळ. मेंदूचा फोटो काढला. डाव्या बाजूला गुठळी. उजवा हात गेला, पायही. शहाणी म्हणून हलवत नव्हती म्हणे! डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून?" कुणाला काय माहीत? तोंड वाकडं होतं ते मी बघितलं होतं. मी नेटला शिव्या घातल्या.

बाई म्हणाल्या, पहिल्या काही तासांत कळलं असतं तर कदाचित काही करता आलं असतं. कदाचित! असा शब्द कशाला काढतात तोंडातून?

९ तारीख

भावजी फोनवर येत नाहीत. मला त्यांच्या कानाखाली वाजवायची आहे आणि ते येत नाहीत.

कामावर उजवा हात खिशात घातला. बघू म्हटलं. डाव्याने शर्टाचं बटण लागेना, तोंडात घास जाईना. चादर सुटली, रोलरमध्ये गोळा झाली, मशीन बंद. मुकादम ओरडत आला. बारक्या म्हणाला, "माझ्याकडून सुटली." मग माझ्या कानात – "हात बाहेर काढ, गाढवा. तुझा लुळा करून तिचा उठणार नाही."

११ तारीख

ताईने फोन उचलला नाही.

१२ तारीख

उचलला. आधी नुसती रडली. मग म्हणाली, "मी चापट मारायची रे तिला. डाव्याने खाल्लं की चापट, आणि घास उजव्या हातात. काल तिने डावा हात पाठीमागे लपवला आणि उपाशी बसून राहिली. काय सांगू मी तिला?"

मी काय बोलणार इथून? इथून काहीही बोलता येतं, म्हणून काहीच बोलवत नाही.

१५ तारीख

व्यायाम शिकवायला बाई येतात. कणकेचा गोळा देतात मुठीत. करंगळी हलली म्हणे! ताई म्हणते हलली, भावजी म्हणतात ताईने कोपर धरलं होतं म्हणून हलली. दोघं त्यावरून भांडत होते. बरं वाटलं ऐकून, भांडायला तरी लागले.

बाई म्हणतात लहान मेंदू आहे, बरंच परत येईल. किती, ते नाही सांगत.

१९ तारीख

झडप परत आवळत चालली. ओठ पुन्हा जांभळे. छाती उघडायची तर ती आता सोसणार नाही, आणखी वाढली पाहिजे. तोवर पुन्हा नळी, पुन्हा फुगा. यावेळी रक्त पातळ ठेवू, जास्त लक्ष ठेवू, म्हणतात. धोका नाही, असं कुणी म्हणत नाही.

मी ताईवर ओरडलो. "परत सही केली तर तुमचं तोंड बघणार नाही!" सगळ्या कँटीनने माना वळवल्या. ओरडून झाल्यावर विचारलं, नाही केलं तर? ताई म्हणाली, "काल अंघोळ घालताना माझ्या हातातच मान टाकली तिने."

२१ तारीख

भावजींचा फोन. कधी नव्हे ते त्यांनीच लावला. म्हणाले, "कागद समोर आहे. माझा हात चालत नाही. तुझी बहीण भिंतीकडे तोंड करून बसलीय. तू सांग. तू म्हणशील तसं."

ठकी शेजारीच असावी. तिचा श्वास ऐकू येत होता. धाप लागल्यासारखा, आणि ती तर नुसती पडून होती.

करा, म्हणालो.

ऑपरेशनसाठी पैसे पाठवतोय, जवळ होते तेवढे – अठराशे.