पाठ टेकली की नाही

शिरपूर, तालुका वाशीम
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय रामकिसन,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले आणि उत्तर काहून येत नाही म्हणून तू तिकडे जबलपूरच्या छावणीत चिडून बसला असशील. चीड बापा. पण आधी सगळं वाच, मग चीड. तुझ्या एका पत्रानं इथे घरात जे महाभारत झालं त्याचा तुला पत्ताच नाही. मी धनजहून दिवाळीला माहेरी आले ती अजून इथेच आहे. सासरहून बोलावणं येऊन गेलं. मी कळवलं, भावाच्या भानगडीचा निकाल लागला की निघते. सासूबाईंना वाटलं असेल कोर्टाची भानगड आहे. वाटू दे.

तू काय लिहिलं होतंस ते तुला तरी आठवतं का? पौषात सगळ्या पलटणींची मिळून घुसेबाजीची, म्हणजे त्या बुक्क्यांच्या खेळाची, मोठी लढत आहे, सगळ्यात वजनदार गड्यांच्या पदवीसाठी सुभेदारांनी तुझं नाव दिलं आहे, पण वस्तादाची परवानगी आल्याशिवाय तू उतरणार नाहीस. इथपर्यंत सगळं गोड होतं. मी मोठ्यानं वाचत होते, बाबा ओट्यावर मिशीला पीळ देत ऐकत होते. पोरगा एवढ्या लांब जाऊनही बापाला वस्ताद मानतो, विचारल्याशिवाय मैदानात पाय टाकत नाही, याचं त्यांना किती बरं वाटत होतं ते तोंडावर दिसत होतं. आणि मग तुझी ती पुढची ओळ आली. मागच्या लढतीत मी दोनदा पडलो, पण उठलो आणि जिंकलो. अरे माझ्या राजा, ही ओळ लिहायची तुला काय गरज होती?

बाबांनी ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली, मग आणखी एकदा. पडला आणि जिंकला, हे त्यांच्या डोक्यात शिरेचना. पाठ मातीला लागली की कुस्ती संपली, हे त्यांनी गावातल्या दोन पिढ्यांना शिकवलं. ते म्हणाले, एक तर पोरगं खोटं बोलायला शिकलं, नाहीतर तिकडचे पंच खोटे आहेत, आणि खोट्या खेळाला माझी परवानगी नाही. मी तुझी बाजू घ्यायला गेले, पण मलाच त्या खेळातलं काही कळत नव्हतं, तर मी काय डोंबलाची बाजू घेणार! तू सोबत पाठवलेला फोटो मायनं पाहिला. तुझा डावा डोळा सुजून बंद झालेला. ती फोटो पदराखाली धरून आत गेली आणि त्या दिवशी भाजीत मीठच पडलं नाही.

शेवटी मी हिरालालजींना गाठलं. मंदिराच्या वाटेवरचं त्यांचं किराण्याचं दुकान तुला आठवतच असेल. मुंबईहून त्यांच्याकडे विलायती रद्दीचे गठ्ठे येतात आणि पुडी बांधायच्या आधी ते प्रत्येक कागद वाचतात. गिऱ्हाईक साखरेसाठी ताटकळत उभं आणि हे कुठल्यातरी लॉर्डाच्या घोड्याची बातमी संपवत बसलेले. त्यांना घुसेबाजीचं विचारलं तर ते एकदम खुलले. बाबांना उगाच समजावण्यात अर्थ नाही, म्हणाले, एखादी खरीखुरी पदवीची लढत त्यांच्यापुढे मांडू आणि त्यांनाच ठरवू देऊ. गठ्ठे उपसून त्यांनी वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या एका लढतीच्या बातम्या काढल्या. एक कागद अमेरिकेचा, एक लंडनचा. तिसरा मुंबईचा, तो वाशीमच्या एका वकिलांच्या जुन्या फाईलींतून मागून आणला. मला वाटलं, झालं काम. तीन-तीन कागद एकच गोष्ट सांगतील आणि बाबांची शंका फिटेल. हा माझा भोळेपणा.

त्या दोन गड्यांची नावं इथे कोणाच्या जिभेवर चढेनात, म्हणून बाबांनी त्यांना आपल्या बैलांची नावं दिली. पदवी ज्याच्याकडे होती तो भुऱ्या आणि ती घ्यायला आलेला तो पवळ्या. अमेरिकेचा कागद म्हणाला की पवळ्या सहा वेळा पडला, सहाही वेळा वाघासारखा उठला आणि सातव्यांदा उठू शकला नाही, भुऱ्याची पदवी कायम. लंडनचा म्हणाला की त्याच्याही आधी, तिसऱ्या फेरीत, भुऱ्या स्वतःच पडला होता आणि पडलेल्याला उठायला पंच जे दहा आकडे मोजतो ते त्यानं इतके सावकाश मोजले की तेवढ्यात माणूस विहिरीवर जाऊन पाणी पिऊन आला असता. आणि मुंबईचा म्हणाला, भुऱ्या मुळी बुक्कीनं पडलाच नाही, फळीवर पाणी सांडलं होतं त्यावरून घसरला. आता सांग, यातलं खरं काय? हिरालालजी म्हणे लंडनचं, कारण त्याची छपाई चांगली आहे. आपल्या तालमीतला लालसिंग म्हणे मुंबईचं, कारण ते आपल्या मुलखातलं आहे. माझं मत दर तासाला बदलत होतं. ज्याचा कागद हातात असेल त्याचं मला पटायचं.

बाबांचा प्रश्न मात्र एकच होता. भुऱ्या पडला तेव्हा त्याची पाठ टेकली का? गुडघा टेकला असेल, कूस टेकली असेल, तर ते पडणं नाही. पाठ टेकली असेल तर त्याच क्षणी पवळ्या जिंकला, पुढच्या सगळ्या फेऱ्या वाया आणि वीस वर्षं पदवी चुकीच्या माणसाकडे राहिली. हिरालालजींनी तिन्ही कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचले. कोणी टोपी फेकली ते लिहिलं होतं, कोणत्या बाईनं हिरवा झगा घातला होता ते लिहिलं होतं, ऊन किती होतं ते लिहिलं होतं. पाठ टेकली की नाही, हे एकाही शहाण्यानं लिहिलं नव्हतं. बाबा कपाळाला हात लावून म्हणाले, हे बातमीदार तिथे कायले गेले होते?

मग काय, दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यात भुऱ्या-पवळ्याची लढत पुन्हा झाली. लालसिंगला भुऱ्या केलं, तालमीतल्याच जगदेवला पवळ्या. हिरालालजी खुर्चीवर बसून बातमी वाचायचे आणि हे दोघं तसं तसं करायचे. हनुवटीखाली डावी बुक्की बसली तर माणूस कुठल्या अंगावर पडतो, हे बाबांना पाहायचं होतं. जगदेवला हळू मारायला सांगितलं होतं, पण त्याचं हळू तुला माहीत आहे. लालसिंग एकदा कुशीवर पडला, एकदा बसकण मारून बसला आणि एकदा कडब्याच्या गंजीत गेला तो तिथूनच ओरडला की पदवी ज्याला पाहिजे त्याला द्या, मले सोडा. आम्ही सगळे हसलो. मायसुद्धा हसली, बऱ्याच दिवसांनी. बाबा तेवढे हसले नाहीत. ते लालसिंगजवळ गेले, त्याची मान हातात धरून डावीउजवीकडे वळवून पाहिली आणि आज एवढंच पुरे म्हणाले.

त्यांचं ते मान धरणं पाहून मला शिरपूरच्या जत्रेतली तुझी पहिली मोठी कुस्ती आठवली. प्रेमसिंगानं तुला अस्मान दाखवलं होतं आणि तू रडत मातीतच पडून राहिला होतास. सगळ्यांना वाटलं वस्ताद आता पोराला फाडून खाणार. बाबा खाली उतरले, त्यांनी तुझी मान अशीच वळवून पाहिली, डोळ्यांतली माती धोतराच्या सोग्यानं पुसली आणि तुला घरी घेऊन आले. त्या हरण्याबद्दल ते तुला कधी एक शब्द बोलले का? मला तरी आठवत नाही.

पुढे आठवडाभर निकाल लागेना. बाबा रोज भाजी वाफ्यातून काढता काढता निकाल द्यायचे आणि रोज फिरवायचे. मग हिरालालजींना त्याच गठ्ठ्यात अमेरिकेच्या कागदाचा दोन दिवसांनंतरचा अंक सापडला. ते आनंदानं धावत आले, वाटेतच वाचत. आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. पवळ्या दवाखान्यात आहे. उठून बसतो, दूध पितो, आणि जो कोणी येईल त्याला विचारतो की लढत केव्हा सुरू होणार. हिरालालजींना ते आधी गमतीचं वाटलं असावं, कारण ते वाचून हसले आणि मग आमच्या तोंडांकडे बघून थांबले. बाबांनी विचारलं, पुढे काय झालं त्याचं? पुढचा अंक गठ्ठ्यात नव्हता. त्याच्या साखरेच्या पुड्या होऊन गेल्या असतील.

त्यानंतर बाबांनी भुऱ्याचं नाव काढलं नाही. पाठ टेकली की नाही हेही विचारलं नाही. परवा शनिवारी त्यांनी सगळ्या तालमीला बोलावलं, मारुतीपुढे नारळ फोडला आणि जाहीर केलं की रामकिसनाले वस्तादाची परवानगी हाय, त्यानं जावं आणि शिरपूरचं नाव काढावं. सगळ्यांनी जयजयकार केला. लालसिंगानं गूळ वाटला. मी घरी येऊन कागद घेतला आणि लगेच लिहायला बसले, कारण तू वाट पाहत होतास आणि बातमी आनंदाची होती. दोन ओळींचं पत्र झालं असतं.

पण ते पुरं व्हायच्या आधीच, काल सकाळी मी वांग्यांच्या मळ्यात होते तेव्हा बाबा तिथे आले. बराच वेळ उगाच पानं उलटी करून कीड बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "प्रयागे, त्याले लिव. पडला तं उठू नको म्हना. एकडाव पडला तं पडूनच राह्य. मले हारलेलं पोरगं चालते." मी म्हटलं, बाबा, मग परवानगी कशाला दिली, सरळ नाही म्हणा ना. तर म्हणाले, पोराची उमेद मोडवली नाही, आणि वस्तादानं दिलेली परवानगी मागं घेता येत नाही, आणि हे मी सांगितलं असं लिहू नको, तुझ्या मनानंच लिही. रामकिसन, माझ्या मनानं काय लिहू? माझं मन मलाच कळत नाही. तू उठलास आणि जिंकलास तर मी गावभर सांगत फिरेन, आणि तू उठलास म्हणून मला तुझा राग येईल. पडून राहिलास तर तिकडचे लोक तुला भित्रा म्हणतील आणि इथे एक म्हातारा माणूस रात्री झोपेल. बाबांनी सांगू नको म्हटलं ते मी सांगितलं, कारण माझ्या नावानं सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस. त्यांच्या नावानं सांगितल्यावर तरी ऐकशील की नाही, तेही मला माहीत नाही. हे पत्र टाकलं की मी धनजला जाते. लढतीच्या दिवशी मला इथे बाबांसमोर बसवणार नाही. तेवढं धाडस माझ्यात नाही.

काही न सुचलेली, पण तुझीच,
प्रयागताई