नऊशे तासांची पायलट

१ सप्टेंबर
आज आप्पांचं अकरा एकर सोयाबीन फवारलं. ड्रोनच्या चारही बॅटऱ्या संपल्या. सीमेवर पुन्हा तणातणी, बातम्यांत दिवसभर तेच. तालुक्याहून आमा ड्रोनवाल्यांना फॉर्म आलाय, लष्कराला गरज पडली तर कोण येईल, कुणाला किती अनुभव. मी रानात, म्हणून ह्यांनीच भरला. सही तेवढी मी केली. वाचलं न्हाय.

४ सप्टें.
तालुक्याहून फोन आला. साहेब म्हणाले, "ताई, जिल्ह्यात तुमचा पहिला नंबर. नऊशे तास!" कसले नऊशे? मग फॉर्मचा फोटो बघितला. 'उड्डाणाचा अनुभव, तासांत'. ह्यांनी लिहिलंय ९००. अहो, ते एकर! आमी एकरच मोजतो, वहीत एकर, लोक विचारतात ते पण एकर. एकराला सात मिनिटं. तास धरले तर शंभर.
साहेबांना परत फोन लावला न्हाय. का लावला न्हाय?

५ सप्टें.
ह्यांना म्हणलं, कळवा की. तर म्हणतात, "राहू दे गं. हात चांगला हाय तुझा, आकड्याला काय चाटायचंय?" बोलायला काय जातं! फॉर्मात लिहिलंय, तिकडं सीमेवर जखमींची औषधं पोचवायचीत, डोंगरात, ड्रोन नजरेआड. मी पिकाच्या वर आठ फूट उडवणारी. एकदा लिंबाला अडकलं तर दोन दिवस रिमोटला हात लावला न्हाय. भ्या वाटतं. माझ्या जिवाचं कमी. कुणीतरी तिकडं वाट बघत पडलेला असेल अन् माझं पोचलंच न्हाय तर...

७ सप्टें.
गावात बोभाटा. शाळेत सत्कार, शाल, नारळ. "बाईमाणसानं रिमोट घेऊन बांधावर हिंडायचं व्हय?" म्हणून वर्षभर तोंड फिरवणाऱ्या सासूबाई आज पहिल्या रांगेत. घरी येऊन दृष्ट काढली माझी. डोळ्यांत पाणी त्यांच्या. आता कुठल्या तोंडानं सांगू? लाज वाटती स्वतःची.

१० सप्टें.
निवडीसाठी धाराशिवला मैदानावर बोलावलेलं. आमी सातजण ड्रोनवाले अन् लष्कराचे एक सुभेदार. माझं नाव पहिलं पुकारलं अन् तोंडातून निघूनच गेलं, "साहेब, ते एकर हायत. तास न्हाईत."
बाकीचे फिदीफिदी हसले. सुभेदार न्हाय हसले. "वारं सुटलं तर काय करता?"
"उतरवते."
"अन् उतरवायला जागा नसली तर?"
"ते येत न्हाय मला." त्यांनी ९०० खोडलं, वर १०० लिहिलं. घरी येईपर्यंत लई हलकं वाटलं. सुटले एकदाची.

११ सप्टें.
सकाळी परत फोन. नाव यादीत हाय. सोमवारी ट्रेनिंगला निघायचं. सुभेदार म्हणाले म्हणे, खरं सांगणारी पाहिजे, बाकीचं शिकवू. यायचं का न्हाय, संध्याकाळपर्यंत कळवा.
खरं सांगितलं ते सुटायला सांगितलं होतं, हे कुणाला सांगू? आता आकड्याचं निमित्त पण उरलं न्हाय. न्हाय म्हणायचं तर भ्या वाटतं म्हणूनच म्हणावं लागंल.
हे बॅग काढून बसलेत. म्हणलं, थांबा जरा. साडेपाच वाजलेत, अजून कळवलेलं न्हाय.